विश्लेषण : नदी आजारी आहे की निरोगी? निकाल लागतो प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या ट्रेमध्ये…

नदीत मेलेल्या माशांचा खच पडतो. बातमी होते, यंत्रणा धावते, बाटल्यांत पाणी भरून तपासणीला जाते. पण माशांचा जीव घेणारे पाणी तोवर कित्येक किलोमीटर पुढे वाहून गेलेले असते. बाटलीत येते ते नंतरचे पाणी. अशा वेळी घडलेल्या प्रकाराचे साक्षीदार नदीच्या तळाशी असतात. दगडाखाली, वाळूत, गाळात राहणारे किडे, अळ्या, गोगलगाई आणि जळवा. त्यांची साक्ष नोंदवण्याचे काम मात्र नदीकाठी होत नाही. ते होते प्रयोगशाळेत, चाळणी, चिमटा आणि सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने. हे काम कसे चालते, त्यात चूक कुठे होते आणि एका चुकीने नदीचा निकाल कसा बदलू शकतो, याविषयी…

तळाशी राहणारे हे जीव कोणते?

पाठीचा कणा नसलेले, नुसत्या डोळ्यांना दिसणारे आणि आयुष्याचा मोठा भाग नदी, ओढा किंवा तलावाच्या तळाशी काढणारे प्राणी या गटात येतात. सोयीसाठी त्यांना ‘तळजीव’ म्हणू. सर्वसाधारणपणे अर्ध्या मिलिमीटरच्या, म्हणजे ५०० मायक्रॉनच्या चाळणीवर जे अडकतात ते यात धरले जातात. काही देशांत चाळणीची भोके याहून थोडी मोठी असतात.

यातले काही आपल्या ओळखीचे आहेत. उदाहरणार्थ गोगलगाई, शिंपले, खेकडे, जळवा. पावसाळ्यानंतर पाण्यावर भिरभिरणारे चतुर आणि टाचण्या पिल्लावस्थेत पाण्याखालीच वाढतात. मत्स्यालयाच्या दुकानात माशांचे खाद्य म्हणून मिळणारे ‘ब्लडवर्म’ म्हणजे कायरोनॉमिड माश्यांच्या लाल अळ्या, तर ‘ट्युबिफेक्स’ हे गाळात राहणारे बारीक गांडूळवर्गीय कृमी. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय हे तीन गट मात्र सामान्य वाचकाला अपरिचित असतात. नदीच्या तपासणीत याच तिघांना मोठा मान आहे, कारण त्यांतली बहुतेक कुळे स्वच्छ, वाहत्या आणि भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातच टिकतात.

पाण्याची रासायनिक चाचणी पुरेशी का नाही?

रासायनिक चाचणी नमुना घेतला त्या क्षणाचे पाणी दाखवते. रात्री सोडलेले सांडपाणी दुपारच्या बाटलीत सापडेलच असे नाही. तळजीवांचे तसे नसते. मेफ्लाय पंख फुटल्यावर काही तास किंवा दोन-चार दिवसच जगते, पण त्याआधी तिची पिल्ले कित्येक आठवडे ते अनेक महिने पाण्याखाली काढतात. त्यांना माशांसारखे लांब पळून जाता येत नाही. मधल्या काळात पाण्यातला प्राणवायू एकदा जरी धोक्याच्या पातळीखाली गेला, तरी नाजूक कुळे नाहीशी होतात आणि ती परतायला वेळ लागतो. लाल अळ्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असल्याने त्या कमी प्राणवायूतही तग धरतात. त्यामुळे तळाशी फक्त लाल अळ्या आणि ट्युबिफेक्स उरले असतील, तर तिथे सेंद्रिय घाण सातत्याने येते, असा अंदाज बांधता येतो.

म्हणून या दोन चाचण्या एकमेकींना पूरक आहेत. कोणते रसायन किती आहे हे तळजीव सांगू शकत नाहीत आणि त्या रसायनाचा जीवसृष्टीवर काय परिणाम झाला हे बाटलीतले पाणी सांगू शकत नाही.

गुण देण्याची पद्धत कुठून आली?

जर्मनीत रिचर्ड कोल्कविट्झ आणि मॅक्सिमिलियन मार्सन यांनी १९०८-०९ मध्ये सेंद्रिय प्रदूषणाच्या कोणत्या टप्प्यावर कोणत्या वनस्पती आणि प्राणी आढळतात याची मांडणी केली. ‘सॅप्रोबिक’ पद्धत म्हणतात ती हीच. पुढे ब्रिटनमध्ये १९७६ साली ‘बायोलॉजिकल मॉनिटरिंग वर्किंग पार्टी’ नावाचा गट नेमला गेला. त्याने तळजीवांच्या कुळांना १ ते १० गुण देणारी सोपी पद्धत तयार केली. प्रदूषण अजिबात न सोसणाऱ्या कुळाला १० गुण, सगळे काही सोसणाऱ्याला १. सापडलेल्या कुळांच्या गुणांची बेरीज करायची आणि कुळांच्या संख्येने भागायचे. येणारी सरासरी जितकी जास्त, तितके पाणी चांगले. या पद्धतीत पुढे सुधारणा झाल्या, ब्रिटनमध्ये आता जीवांची संख्याही विचारात घेतली जाते. पण मूळ कल्पना अनेक देशांनी आपापल्या नद्यांसाठी बदलून घेतली. नेपाळने आणि पुढे हिंदुकुश-हिमालय पट्ट्यासाठी संशोधकांनी स्वतंत्र गुणतक्ते केले.

भारतात कोणते निकष आहेत?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नेदरलँड्सच्या सहकार्याने यमुनेवर झालेल्या अभ्यासातून ‘जैविक जलगुणवत्ता निकष’ ठरवले. त्यात दोन आकडे काढले जातात. पहिला सॅप्रोबिक गुणांक, म्हणजे वर सांगितलेली कुळांच्या गुणांची सरासरी. दुसरा विविधता गुणांक, जो शून्य ते एकच्या दरम्यान असतो. दोन्हींवरून पाण्याला ‘ए’ ते ‘ई’ यांपैकी एक वर्ग मिळतो. ‘ए’ म्हणजे स्वच्छ, नकाशावर निळा. त्यानंतर फिकट निळा, हिरवा, नारिंगी आणि अतितीव्र प्रदूषणासाठी लाल. सॅप्रोबिक गुणांक ७ किंवा त्याहून जास्त असेल तर ‘ए’ वर्ग, दोनच्या खाली घसरला तर ‘ई’.

विविधता गुणांक काढण्याची युक्ती मजेशीर आहे. अमेरिकी परिसंस्थातज्ज्ञ जॉन केर्न्स आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या क्रमवार तुलनेच्या पद्धतीशी तिचे नाते आहे. नमुन्यातले जीव कोणताही क्रम न लावता एकामागून एक घ्यायचे आणि प्रत्येक जीव आधीच्यासारखा आहे की वेगळा, एवढेच पाहायचे. नाव माहीत असण्याची गरज नाही. समजा दहा जीव असे आले : अळी, अळी, अळी, गोगलगाय, जळू, जळू, अळी, अळी, गोगलगाय, गोगलगाय. यात सलग सारख्या जीवांच्या पाच तुकड्या होतात. पाच भागिले दहा, म्हणजे गुणांक ०.५. दहाही अळ्याच असत्या, तर तुकडी एकच आणि गुणांक ०.१.

असे निकष हाताशी असले तरी नद्यांची सरकारी वर्गवारी प्रामुख्याने रासायनिक आकड्यावर चालते. प्रदूषित नदीपट्ट्यांची राष्ट्रीय यादी जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे ‘बीओडी’ लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर गेली का, यावरून ठरते. २०२२ च्या यादीत देशातले ३११ पट्टे होते आणि त्यांपैकी सर्वाधिक ५५ महाराष्ट्रातले. या पट्ट्यांत जीवसृष्टी किती उरली आहे आणि सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पांवर खर्च झाल्यानंतर ती परतते आहे का, हे जाणून घ्यायचे तर तळाशी पाहावे लागते.

नमुना प्रयोगशाळेत कोणत्या अवस्थेत येतो?

नदीत जाळे प्रवाहाच्या दिशेने तोंड करून धरतात आणि त्याच्या पुढ्यातले दगड-वाळू पायाने ढवळतात. निसटलेले जीव वाहत जाळ्यात येतात. ब्रिटनच्या पद्धतीत हे ढवळणे तीन मिनिटे चालते. जाळ्यात जे येते ते प्रामुख्याने पालापाचोळा, काटक्या, शेवाळ, वाळू आणि गाळ असते. जीव त्यात कुठेतरी लपलेले असतात.

हे सगळे बरणीत घालून त्यावर इथेनॉल ओततात. ओल्या पाल्यातल्या पाण्याने इथेनॉल पातळ होते, म्हणून ते सुरुवातीलाच तीव्र घ्यावे लागते. अंतिम प्रमाण ७० टक्क्यांखाली गेले तर जीव सडू लागतात, त्यांची कल्ले, पाय आणि शेपट्या गळतात. ओळख पटवायला नेमके हेच अवयव लागतात. पूर्वी फॉर्मेलिन सर्रास वापरले जाई. त्याने ऊती चांगल्या टिकतात, पण ते कर्करोगकारक आहे आणि डीएनएची नासाडी करते. त्यामुळे फॉर्मेलिनमधला नमुना हवा खेचून घेणाऱ्या कपाटात नीट धुतल्याशिवाय हाताळत नाहीत.

चिठ्ठीही महत्त्वाची. नदीचे नाव, ठिकाण, तारीख आणि नमुना घेणाऱ्याचे नाव लिहिलेली एक चिठ्ठी बरणीच्या आत टाकतात. ती पेन्सिलने लिहायची, कारण साध्या बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते. चिठ्ठी पुसली गेली तर बरणीतले जीव कितीही दुर्मीळ असले तरी तपासणीच्या दृष्टीने ते निरुपयोगी ठरतात.

सगळेच जीव मोजायचे का?

एका बरणीत कधी शंभर जीव असतात, कधी हजारो. सगळे वेचायचे तर एका नमुन्यात दिवस जातील. म्हणून बहुतेक प्रयोगशाळा उपनमुना घेतात. इथे पहिली परीक्षा असते, कारण माणसाचा डोळा पक्षपाती आहे. मोठा, उठावदार रंगाचा जीव आधी नजरेत भरतो. पाल्याच्या रंगाची तीन मिलिमीटरची अळी मागे राहते. हाती लागले ते उचलायचे असे ठरवले, तर मोठ्या जीवांची टक्केवारी खोटी फुगते.

त्यावर उपाय म्हणजे चौकटी आखलेला ट्रे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) १९९९ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या जलद जैवमूल्यांकन पद्धतीनुसार, नमुना आधी ५०० मायक्रॉनच्या चाळणीत धुतात. मोठी पाने आणि दगड खळबळून, नीट पाहून बाजूला काढतात. उरलेला नमुना सहा सेंटिमीटरच्या चौकटी आखलेल्या ट्रेमध्ये सारखा पसरतात. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार चौकटींचे क्रमांक निवडतात आणि त्या चौकटींतला सगळा ऐवज उचलतात. त्यातला एकूण एक जीव वेचायचा. साधारण २०० जीव मिळायला हवेत, २० टक्के कमी-जास्त चालतात. कमी भरले तर आणखी एक चौकट घ्यायची, पण सुरू केलेली चौकट अर्ध्यावर सोडायची नाही.

नियम किती बारीक असतात याचे एक उदाहरण. एखादा जीव दोन चौकटींमधल्या रेषेवर पडला तर तो कोणाचा? ज्या चौकटीत त्याचे डोके, त्या चौकटीचा. मोजणीतही डोक्यालाच महत्त्व आहे. तुटलेले धड किंवा पाय मोजत नाहीत, नाहीतर एकच किडा दोनदा गणला जाईल. रिकामे शंख-शिंपले आणि कात टाकल्यावर उरलेली सालेही मोजणीत नाहीत. ती जिवंत जीवाची खूण नसते आणि वरच्या भागातून वाहत आलेली असू शकतात.

संख्या किती ठेवावी यावर मात्र मतभेद आहेत. १९८९ च्या मूळ अमेरिकी पद्धतीत १०० जीव पुरेसे मानले होते, देशव्यापी सर्वेक्षणात आता ५०० मोजतात. जीव जितके जास्त, तितकी नवी कुळे सापडण्याची शक्यता जास्त आणि खर्चही जास्त. त्यामुळे १०० जीव मोजलेल्या नदीची तुलना ५०० जीव मोजलेल्या नदीशी थेट करता येत नाही. मोठे पण विरळ जीव चौकटींच्या निवडीत सुटू शकतात, म्हणून काही प्रयोगशाळा उरलेला सगळा ट्रे ठरावीक वेळ चाळून असे जीव वेगळे टिपतात. त्यांची नोंद स्वतंत्र ठेवतात, मूळ मोजणीत मिसळत नाहीत.

गाळातून जीव वेगळे कसे करतात?

मुळात हे काम तांदूळ निवडण्यासारखे आहे, फक्त इथे खडे ठेवायचे आणि तांदूळ टाकायचे. उचललेला ऐवज थोडा थोडा पेट्री डिशमध्ये घेऊन, सहा ते दहा पट मोठे दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमट्याने जीव वेचतात. गाळ आणि पाला जास्त असेल तर एका नमुन्याला कित्येक तास लागतात. वेळ वाचवायला काही युक्त्या आहेत, पण प्रत्येकीला किंमत आहे.

पहिली युक्ती खळबळण्याची. नमुना बादलीत पाण्यासह फिरवून वरचे पाणी चाळणीत ओतायचे. हलके जीव पाण्याबरोबर येतात, वाळू तळाशी राहते. पण गोगलगाई, शिंपले आणि वाळूच्या कणांचे घर बांधून त्यात राहणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या जड असल्याने वाळूतच राहतात. म्हणून उरलेली वाळूही पाहावीच लागते.

दुसरी युक्ती साखरेच्या पाण्याची. पाण्याहून सुमारे १२ टक्के जड असे साखरेचे द्रावण ओतले की मऊ शरीराचे किडे वर तरंगतात आणि खनिज कण खाली बसतात. इथेही शंखवाले जीव तरंगत नाहीत. पालापाचोळा जास्त असेल तर तोही तरंगतो आणि फायदा उरत नाही.

तिसरी युक्ती रंगाची. ‘रोझ बेंगाल’ हा रंग टाकला की प्राण्यांच्या ऊती गुलाबी होतात आणि काळपट पाल्यात उठून दिसतात. नवख्या माणसाला याचा मोठा आधार होतो. पण ज्या जीवांची ओळख शरीरावरच्या ठिपक्यांवरून किंवा पट्ट्यांवरून पटते, त्यांच्या खुणा या रंगाखाली झाकल्या जातात.

एक जीव सुटला तर काय बिघडते?

एक काल्पनिक नमुना घेऊ. ब्रिटिश पद्धतीच्या मूळ गुणतक्त्यानुसार त्यात पाच गट सापडले : हेप्टाजेनिडी कुळातली मेफ्लाय (१० गुण), बेटिडी कुळातली मेफ्लाय (४), डाव्या तोंडाच्या गोगलगाईंचे फायसिडी कुळ (३), लाल अळ्यांचे कायरोनॉमिडी कुळ (२) आणि गांडूळवर्गीय कृमी (१). बेरीज २०, सरासरी ४.

आता समजा, हेप्टाजेनिडीचे एकच छोटे पिल्लू नमुन्यात होते आणि पानाच्या तुकड्याला चिकटलेले असल्याने ते सुटले. उरले चार गट, बेरीज १०, सरासरी २.५. नदी तीच, पाणी तेच, पण निकाल पार घसरला.

समजा ते पिल्लू सापडले, पण वेचणाऱ्याने ते बेटिडी म्हणून लिहिले. दोन्ही मेफ्लायच, नवख्या डोळ्याला सारख्याच. परिणाम तोच, सरासरी २.५. चूक उलटीही होऊ शकते. बेटिडीच्या एका पिल्लाला हेप्टाजेनिडी समजले, तर घाणेरड्या पाण्याला फुकटचे दहा गुण मिळतात आणि सांडपाणी सोडणाऱ्याला ‘नदी ठीक आहे’ असे म्हणण्याची सोय होते.

ही भीती केवळ कागदावरची नाही. जर्मनीतल्या नद्यांच्या तपासणीतले ५० नमुने दुसऱ्या तज्ज्ञांनी पुन्हा तपासले, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या वेचणीत सरासरी सुमारे २९ टक्के जीव नजरेतून सुटले होते. ओळखीतही फरक निघाले आणि काही नमुन्यांत नदीची अंतिम श्रेणीच बदलली. हे घडले ते प्रशिक्षित माणसे आणि ठरलेली पद्धत असलेल्या देशात.

ओळख कशी पटवतात?

ओळखीसाठी ‘की’ वापरतात. ही प्रश्नांची साखळी असते. प्रत्येक पायरीवर दोन पर्याय, एक निवडला की पुढची पायरी. पायांच्या तीन जोड्या आहेत का? पोटाच्या कडेला कल्ले आहेत का? शेपट्या दोन की तीन?

मेफ्लायच्या पिल्लाला बहुधा तीन शेपट्या असतात, पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले असतात आणि प्रत्येक पायाला एकच नखी असते. स्टोनफ्लायला शेपट्या दोन आणि नख्याही दोन-दोन. फक्त शेपट्या मोजून थांबले तर घात होतो. काही मेफ्लायना दोनच शेपट्या असतात आणि इथेनॉलमध्ये एखादी शेपटी तुटलेलीही असते. चतुराचे पिल्लू ओळखायचे ते त्याच्या घडी घालून ठेवलेल्या, झटक्यात पुढे फेकल्या जाणाऱ्या खालच्या ओठावरून. टाचणीच्या पिल्लाच्या शेवटी पानाच्या आकाराचे तीन कल्ले असतात. गोगलगाय टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरली की तोंड डावीकडे आहे की उजवीकडे, यावरून कुळाचा माग लागतो.

हेप्टाजेनिडी आणि बेटिडी यांत फरक शरीराच्या ठेवणीचा आहे. हेप्टाजेनिडीचे पिल्लू वेगवान प्रवाहात दगडाला चिकटून राहते, म्हणून ते चपटे, रुंद डोक्याचे आणि डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असलेले. बेटिडीचे निमुळते, माशासारखे पोहणारे, डोळे डोक्याच्या बाजूंना. पिल्लू अगदी लहान असेल तर या खुणा पुरत्या उमटलेल्या नसतात. अशा वेळी अंदाजाने कुळ लिहिण्यापेक्षा ‘मेफ्लाय, याहून पुढे ओळख शक्य नाही’ अशी नोंद करणे हेच चांगल्या प्रयोगशाळेचे लक्षण.

सर्वांत किचकट काम लाल अळ्यांचे. कुळापर्यंतच जायचे असेल तर सोपे, पण त्यापुढे जायचे तर अळीचे डोके वेगळे करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पारदर्शक करावे लागते, काचपट्टीवर बसवावे लागते आणि ४०० पट किंवा त्याहून जास्त मोठे करून जबड्याजवळच्या दातेरी पट्टीवरचे दात मोजावे लागतात. म्हणूनच भारतासह अनेक देशांत नियमित तपासणी कुळाच्या पातळीवर थांबते. त्यात वेळ वाचतो आणि चुका कमी होतात. पण एकाच कुळात नाजूक आणि चिवट अशा दोन्ही प्रजाती असू शकतात, तो फरक हातचा जातो.

चुका कशा पकडल्या जातात?

माणूस चुकणारच, हे गृहीत धरून पद्धत आखावी लागते. पहिला नियम म्हणजे वेचून उरलेला पाला-गाळ फेकायचा नाही. अमेरिकी पद्धतीत दहा टक्के नमुन्यांचा उरलेला ऐवज दुसरी व्यक्ती पुन्हा चाळते. पहिल्या व्यक्तीला १९० जीव मिळाले आणि दुसरीला उरलेल्यात आणखी १५ सापडले, तर एकूण २०५ पैकी १९० म्हणजे सुमारे ९३ टक्के कार्यक्षमता. ९० टक्क्यांची अट पार, नमुना उत्तीर्ण. पण पहिल्याला १७० आणि दुसऱ्याला ३० मिळाले तर कार्यक्षमता ८५ टक्के. अशा वेळी केवळ तो नमुनाच नव्हे, त्या गटातले बाकीचे नमुनेही संशयाच्या घेऱ्यात येतात आणि पुन्हा तपासावे लागतात.

ओळखीची तपासणी वेगळी. त्याच कुप्या दुसऱ्या तज्ज्ञाकडे पहिल्याची उत्तरे न दाखवता पाठवतात आणि दोघांच्या याद्या ताडून पाहतात. अमेरिकेतल्या मोठ्या सर्वेक्षणांत दोघांमधला मतभेद १५ टक्क्यांच्या आत असावा असे उद्दिष्ट ठेवतात. शिवाय प्रत्येक गटाचा किमान एक नमुना कायमचा जपून ठेवतात. दहा वर्षांनी कोणी शंका घेतली, किंवा वर्गीकरणच बदलले, तर कुपी उघडून पुन्हा पाहता येते. भारतात अशा जपणुकीचे मोठे ठिकाण म्हणजे १९१६ मध्ये स्थापन झालेली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था. तिचे मुख्यालय कोलकात्यात, तर पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे.

डीएनए तपासणीने हे काम सुटेल का?

काही प्रमाणात. कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्राण्यांच्या ओळखीसाठी ‘डीएनए बारकोड’ची कल्पना मांडली. मायटोकॉन्ड्रियातल्या ‘सीओआय’ जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि माहितीसाठ्यातल्या नोंदींशी जुळवायचा. यामुळे अगदी लहान पिल्लू किंवा तुटलेला पायही ओळखता येतो. पुढची पायरी म्हणजे सगळा नमुना एकत्र वाटून त्यातले सगळे बारकोड एकदम वाचणे. त्यात वेचणीचे तास वाचतात.

अडचणी दोन. पहिली, त्या जीवाचा बारकोड साठ्यात आधीपासून हवा. त्यासाठी आधी कोणीतरी तज्ज्ञाने तो जीव हाताने ओळखलेला असावा लागतो. आपल्याकडच्या अनेक जलकीटकांचे वर्णन पंख फुटलेल्या प्रौढ अवस्थेवरून झाले आहे, त्यांची पाण्यातली पिल्ले कोणती हे जोडायचे काम बाकी आहे. दुसरी अडचण, एकत्र वाटलेल्या नमुन्यातून कोणते जीव होते हे कळते, पण किती होते हे खात्रीने कळत नाही. एक मोठी गोगलगाय शंभर छोट्या अळ्यांपेक्षा जास्त डीएनए देऊ शकते. म्हणजे यंत्र आले तरी भिंगातून पाहणाऱ्या माणसाची गरज उरतेच.

कमी गुण म्हणजे प्रदूषणच का?

नाही. वाळूउपशाने तळ खरवडला गेला, धरणाने प्रवाह तोडला, पुराने सगळे वाहून नेले किंवा ओढा उन्हाळ्यात आटला, तरी तळजीव कमी होतात. त्यामुळे एकट्या आकड्याला अर्थ नसतो. तुलना करावी लागते ती त्याच प्रकारच्या, त्याच ऋतूतल्या, कमीत कमी बिघडलेल्या जागेशी. ब्रिटनमध्ये १९७७ पासून याच दिशेने काम सुरू झाले. चांगल्या स्थितीतल्या अशा नदीत कोणती कुळे अपेक्षित आहेत हे आधी काढायचे आणि प्रत्यक्ष किती सापडली त्याच्याशी ताडायचे. महाराष्ट्रात पावसाळ्यात दुथडी भरून वाहणाऱ्या आणि मे महिन्यात डबक्यांपुरत्या उरणाऱ्या नद्यांसाठी ऋतूचे भान आणखी गरजेचे आहे. जानेवारीतला नमुना आणि पुरानंतर आठवड्याने घेतलेला नमुना शेजारी ठेवून ‘नदी बिघडली’ असे म्हणता येत नाही.

अहवाल वाचताना काय पाहावे?

नदीसुधार योजना, नव्या प्रकल्पाचा पर्यावरणीय परिणाम अभ्यास किंवा सांडपाण्याचा खटला, यांत तळजीवांचा तक्ता असेल तर नागरिकांनी काही साधे प्रश्न विचारायला हवेत. नमुना कोणत्या महिन्यात घेतला? किती जीव मोजले? उपनमुना चौकटी आखून, चिठ्ठ्या टाकून घेतला की हाती लागेल ते वेचले? ओळख कुळापर्यंत आहे की त्यापुढे, आणि ती दुसऱ्या कोणी तपासली का? उरलेला गाळ आणि वेचलेले जीव जपून ठेवले आहेत का? यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो निकाल पुन्हा पडताळून पाहण्याचा मार्गच बंद होतो. आणि नदीवर कोट्यवधी रुपये खर्च करायचे की तिला ‘ठीक’ म्हणून सोडून द्यायचे, हे ज्या आकड्यावर ठरणार, तो पडताळता येणारा असायलाच हवा.